कचऱ्यातून उभे राहिलेले चेहरे

कचरा म्हटला की नाकाला रुमाल लावून पुढे व्हायचे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची सवय. परंतु ब्राझील देशातील कष्टकऱ्यांनी त्याच कचऱ्यातून स्वतःची चित्रे उभी केली. ही हकिकत वाचक बंधू-भगिनींनी मुलाबाळांना वाचून दाखवावी, असे आम्हांस वाटते.

रिओ शहराजवळ जार्दिम ग्रामाशो नावाची अवाढव्य कचराभूमी होती. तेथे असंख्य स्त्री-पुरुष प्लास्टिक, पत्रा, कागद वेचून पोट भरीत. शहराने टाकलेला माल तेच पुन्हा कारखान्याच्या वाटेला लावीत. तरी त्यांच्या वाट्याला तुच्छताच येई.

गरीब घरात जन्मलेले चित्रकार व्हिक मुनीज तेथे गेले. त्यांनी वेचकांची छायाचित्रे घेतली, ती गोदामाच्या जमिनीवर प्रचंड आकारात पाडली आणि वेचकांच्याच हातांनी त्या रेषांवर टाकाऊ वस्तू मांडल्या. उंचावरून पुन्हा छायाचित्र घेतले की झाले चित्र! वेचकांच्या संघटनेचे अध्यक्ष तियाओ सांतोस यांना तर फ्रेंच क्रांतिकारक मारा याच्या १७९३ च्या प्रसिद्ध चित्रासारखे दाखविले. लंडनच्या लिलावात ते विकले गेले आणि पैसा संघटनेच्या कामी आला. या उपक्रमावरील ‘वेस्ट लँड’ हा माहितीपट २०१० साली आला. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले.

पुढे २०१२ साली कचराभूमी बंद झाली. शेजारच्या ग्वानाबारा उपसागराच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण वेचकांच्या चुलीचे काय? भिंतीवरचे चित्र चूल पेटवीत नाही. वेचक संघटित होते, म्हणूनच त्यांना भरपाईचा प्रश्न लावून धरता आला आणि भरपाई पदरात पडली. कलेने त्यांचा चेहरा जगाला दाखविला. हक्क मात्र संघटनेने मिळवून दिला.

आपल्याकडेही पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचक हा कामगार आहे, हा तिचा आग्रह. त्या कामगारांत दलित भगिनी मोठ्या संख्येने आहेत, हे आपण विसरू नये.

शाळेत मुले बाटल्या-झाकणांची चित्रे करतात, ती जरूर करावीत. पण त्याचबरोबर ओला-सुका कचरा वेगळा ठेवावा, फुटकी काच कागदात गुंडाळून द्यावी आणि दारी येणाऱ्या ताईंना नावाने हाक मारावी. एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.