शेंड्याकडून चौथं पान

दसऱ्याच्या आसपास विदर्भ-मराठवाड्यात कपाशी ठिकठिकाणी लाल पडू लागते. या लाल्यावर कृषी केंद्रातून सहसा मॅग्नेशियम सल्फेटची पुडी मिळते. कधी त्याचा गुण येतो, कधी पैसे वाया जातात. पानाला लाली येते ती अँथोसायनिन या रंगद्रव्याची, आणि ते साठायला कारणं बरीच आहेत: मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडणं, रात्री अचानक गारठणं, मुळाशी पाणी साचणं, तुडतुड्यांनी रस शोषणं. नुसत्या डोळ्यांनी यातलं नेमकं कुठलं हे ओळखणं अवघड. निदान अन्नद्रव्यांपुरता निवाडा करायचा, तर पानच तपासायला हवं.

माती परीक्षण केलंय, मग पुन्हा पान कशाला, असं कुणी म्हणेल. कोठारात धान्य किती आहे त्यावरून ताटात काय वाढलं ते कळत नाही, म्हणून. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या पुढे असतो. तिथं लोह आणि जस्त मातीत असूनही विरघळत नाहीत, मुळांना मिळत नाहीत. पोटॅश भरपूर असलं तरी ओल तुटली की ते मुळापर्यंत येत नाही. पानात जे सापडतं ते मात्र झाडानं खरोखर घेतलेलं असतं.

आता पान कुठलं? या परीक्षणाचं निम्मं यश इथंच ठरतं. मुख्य खोडाच्या शेंड्याशी नुकतं उलगडलेलं, रुपयाच्या नाण्याएवढं पान पहिलं धरायचं आणि खाली मोजत चौथं तोडायचं. गळफांदीवरचं पान चालत नाही. चौथंच का, तर नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात फिरती असतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या वाढीला पुरवतं. कॅल्शियमचं उलट, ते जुन्या पानातच साचत जातं. म्हणजे खालचं पान घेतलं तर नत्र उगाच कमी आणि कॅल्शियम उगाच जास्त दिसणार, आणि अगदी शेंड्याचं पान तर पुरतं भरलेलंच नसतं. चौथं पान नुकतंच पक्व झालेलं असतं. तक्त्यांतले आकडेही अशाच पक्व पानांवर बसवलेले आहेत.

पहिली फुलं दिसू लागली की नमुना घ्यावा. एकसारख्या जमिनीतून नागमोडी चालत पंचवीस-तीस झाडांचं एकेक पान पुरे. बांधाजवळची, धुळीनं माखलेली, रोगट झाडं टाळायची. नुकतीच मॅन्कोझेब फवारली असेल तर जस्त आणि मंगल फुगून येणार, कारण ती दोन्ही त्या बुरशीनाशकातच असतात. पानं कागदी पिशवीत भरावीत. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजतात आणि कुजतात.

प्रयोगशाळेत पानं धुऊन ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वाळवतात आणि दळतात. पुढे भुकटी आम्लात विरघळवून नत्र केल्डाल पद्धतीनं, पालाश फ्लेम फोटोमीटरवर, जस्त-लोह अणुशोषण यंत्रावर मोजतात. अहवालातली टक्केवारी या कोरड्या वजनावर असते. पहिल्या फुलाच्या वेळी नत्र साधारण ३ ते ४.५ टक्के, पालाश १.५ ते ३ टक्के, मॅग्नेशियम ०.३ टक्क्याच्या वर आणि जस्त २० पीपीएमच्या वर असेल, तर पीक धडधाकट समजतात. हेच आकडे बोंडं भरताना लावू नयेत. बोंडं पालाश ओढून घेतात, तेव्हा पानातलं प्रमाण उतरणारच.

नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांच्या अंगवळणी पडलेलं देठ परीक्षण कपाशीतही होतं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ओलिताच्या कपाशीला त्यावरून नत्राचे हप्ते ठरवतात. मुळांनी घेतलेला नायट्रेट पानाकडे जाताना देठातून जातो, त्यामुळे देठ आजची आवक दाखवतो. देठ तोडताक्षणी पानापासून वेगळा करावा. फुलोरा पुढे सरकतो तसा देठातला नायट्रेट झपाट्यानं घटत जातो, म्हणून एका देठ-अहवालाला फारसा अर्थ नाही, दर आठवड्याची उतरण पाहावी लागते. त्यातून आभाळ भरलेलं असलं की नायट्रेटचं रूपांतर मंदावतं आणि देठात तो तुंबतो. श्रावणझडीतला चांगला आकडा फसवा निघू शकतो. आपल्या कोरडवाहू कपाशीला मला तरी पानाचंच परीक्षण जास्त कामाचं वाटतं.

पानही फसवतं. लोहाअभावी पिवळ्या पडलेल्या पानात एकूण लोह पुष्कळ निघू शकतं, कारण ते पानात पोचलेलं असलं तरी कामी येत नसतं. खुरटलेल्या झाडात थोडंसं अन्नद्रव्यही दाट दिसतं, आणि जोमानं वाढलेल्या झाडात तेच विरळ. म्हणून सुट्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा एकाच शेतातल्या चांगल्या आणि लाल पडलेल्या पट्ट्यांचे दोन नमुने वेगळे द्यावेत, जमल्यास दोन्हीकडची मातीही. दोन्हीकडे नत्र सारखं आणि मॅग्नेशियम लाल पट्ट्यातच कमी असेल, तर एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम, फवारायला अर्थ आहे. नत्र कमी असेल तर दोन टक्के युरिया. दोन्ही नमुने जुळले, तर पुडी दुकानातच ठेवून तुडतुडे किंवा पाण्याचा निचरा पाहावा.

अहवाल कधी हाती येतो यावरही बरंच अवलंबून आहे. फुलोऱ्यापासून बोंडं भरेपर्यंतच्या काळात कपाशीची भूक सर्वांत मोठी असते, त्यामुळे पंधरवड्यानं आलेला कागद निम्मा शिळा असतो. नमुना देण्याआधीच प्रयोगशाळेला किती दिवस लागतील ते विचारावं. पाकिटावर वाण, लावणीची तारीख, आतापर्यंत दिलेली खतं आणि शेवटची फवारणी लिहावी. उशिरा आलेला अहवाल या हंगामात उपयोगी पडला नाही, तरी जूनमध्ये लावणीच्या वेळी जस्त द्यायचं की नाही हे त्यावरून ठरवता येतं.