चुंबकाचा जोर आणि चुंबकाची जात

जुन्या गिटार-ॲम्प्लिफायरमधील स्पीकर आज सोन्याच्या भावाने विकले जातात, आणि घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो हा, की चुंबक कोणते? ॲल्निको असेल तर डोळे चमकतात. साधे फेराइट, म्हणजे ज्याला बाजारात सिरॅमिक म्हणतात ते, असेल तर नाक मुरडले जाते. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो वजनाचा. जितके जड तितके चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे म्हणणे असे, की या दोन प्रश्नांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक चुंबकाचा जोर, दुसरी चुंबकाची जात. ती गल्लत नीट सोडवून पाहिली म्हणजे घेणाऱ्याचे पैसेही वाचतात आणि एखादा चांगला स्पीकर भंगारात जाण्यापासूनही वाचतो.

प्रथम यंत्राची रचना पाहू. स्पीकरच्या कागदी शंकूला मागे तारेचे एक वेटोळे चिकटविलेले असते. हे वेटोळे चुंबकाच्या दोन ध्रुवांमधील अरुंद गोल फटीत लोंबते. गिटारचा आवाज विजेच्या प्रवाहाच्या रूपाने या तारेतून वाहू लागला, की तार पुढेमागे ढकलली जाते आणि तिच्याबरोबर शंकूही हलतो. हा धक्का किती मोठा, हे तीन गोष्टींवर ठरते: फटीतील चुंबकीय क्षेत्राची तीव्रता, फटीतील तारेची लांबी आणि प्रवाह. चुंबकाचे वजन या हिशेबात कोठेच येत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्याला काम करायचे ते क्षेत्र फटीत असते. चुंबक ही केवळ त्याची तिजोरी. फट रुंद असेल, वेटोळे मोठ्या व्यासाचे असेल, तर तितक्याच तीव्रतेसाठी मोठी तिजोरी लागते. उलट ध्रुवांचे लोखंड एकदा तृप्त झाले, की वर कितीही चुंबक चढवा, पदरात फारसे काही पडत नाही.

आता जातीकडे वळू. 1925 मध्ये राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी हल्लीच्या धर्तीच्या स्पीकरवरील निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा पुरेसे बलवान कायमचे चुंबक स्वस्तात मिळत नव्हते. म्हणून वीज खेळवून चुंबकत्व निर्माण करीत. आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत असे स्पीकर कित्येकांनी पाहिले असतील. त्यांतील तारेचे तेच मोठे गुंडाळे वीजपुरवठ्यातील गुणगुण गाळण्याचेही काम करी. एका वस्तूकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती आम्हांला फार आवडते. पुढे 1931 मध्ये जपानच्या मिशिमा यांनी लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू केला, आणि त्याच वाटेने कोबाल्ट मिसळून ॲल्निको आले. नावातच तीन धातूंची अक्षरे आहेत. त्यातील पाचव्या प्रकारात सुमारे 24 टक्के कोबाल्ट असतो, आणि ओतलेला धातू थंड होत असताना त्याला बाहेरून चुंबकीय क्षेत्रात ठेवतात. त्यामुळे त्याचा सगळा जोर एका दिशेला लागतो. फेराइट हे मात्र धातूच नव्हे. लोखंडाचा गंज आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम यांची ती भाजलेली माती. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेने 1952 च्या सुमारास ते पुढे आणले.

दोघांचे स्वभाव अगदी उलटे. पाचव्या ॲल्निकोत चुंबकत्वाची ठेव सुमारे 12,500 गाउस, परंतु ती पुसून टाकायला सुमारे 640 ओर्स्टेडचा विरोध पुरतो. चांगल्या फेराइटमध्ये ठेव सुमारे 3,800 गाउस, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण ती पुसायला 2,400 ओर्स्टेडच्या आसपास लागतात. म्हणजे ॲल्निको उदार पण हळवे, फेराइट चिक्कू पण चिवट. आकारातील फरक त्यातूनच येतो. ॲल्निकोचा तुकडा जाडजूड पण आखूड घेऱ्याचा, लांबीला जास्त. फेराइट हे पसरट चक्र. म्हणून एकाचे वजन दुसऱ्याशी ताडून पाहणे म्हणजे तुपाचे माप आणि ताकाचे माप एकाच वाटीत मोजण्यासारखे आहे. वजनाची तुलना एकाच जातीत, एकाच घडणीच्या स्पीकरांतच करावी.

अशी तुलना करायला सोयीचे उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची फेराइट स्पीकर. जी-12-एम याचे चुंबक 35 औंसांचे, म्हणजे जवळजवळ एक किलो. जी-12-एच याचे 50 औंसांचे. आजच्या आवृत्त्यांसाठी कंपनी एकाची संवेदनशीलता 98 डेसिबल सांगते, दुसऱ्याची 100. दोन डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरची ताकद सुमारे दीडपट केल्याचा फायदा. ॲल्निकोचा निळा स्पीकर, जो व्हॉक्स एसी-30 ने प्रसिद्ध झाला, त्याचीही संवेदनशीलता आज 100 डेसिबलच सांगतात. जात निराळी, जोराचा परिणाम तोच! अमेरिकेच्या जेन्सेन कंपनीची नावे तर जणू पाठाचाच धडा: पहिले अक्षर जात सांगते, पी म्हणजे ॲल्निको, सी म्हणजे सिरॅमिक; मधला आकडा इंचांतील व्यास; आणि शेवटचे अक्षर दर्जा. येथे वर्णमालेत आधीचे अक्षर अधिक जोराचे. पी-12-एन हा पी-12-क्यूपेक्षा आणि क्यू हा आरपेक्षा वरचा. मात्र अक्षर बदलले की कित्येकदा वेटोळ्याचा व्यासही बदलतो, म्हणून फरकाचे सगळे श्रेय चुंबकाच्या पदरात घालू नये.

आता खरी गंमत. जोर जास्त म्हणजे आवाज मोठा, एवढ्यावर भागत नाही. हलणारे वेटोळे स्वतःही वीज निर्माण करते, आणि ती त्याच्या हालचालीला आवर घालते. हा आवर क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्षेत्र दुप्पट तर आवर चौपट. गिटारच्या खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 82, आणि गिटारच्या पुष्कळशा बारा इंची स्पीकरांचे स्वतःचे नैसर्गिक कंपन 75 च्या आसपास. म्हणजे वाजविणाऱ्याचा सगळ्यात खालचा स्वर नेमका स्पीकरच्या दुबळ्या जागेवर पडतो. चुंबक जोरदार असेल तर तो स्वर घट्ट, आखडता आणि स्पष्ट येतो. दुबळे असेल तर सैल, पसरट, थोडासा लाडावलेला. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरशी जोडल्यावर हा फरक काहीसा बोथट होतो, पण नाहीसा होत नाही. आणि एखाद्या वादकाला तो लाडावलेला स्वरच हवा असेल, तर त्याला दुबळे चुंबक हाच चांगला दर्जा. जोराचा क्रम लावता येतो. पसंतीचा लावता येत नाही.

मग ॲल्निकोच्या गोडव्याचे काय? जोराने वाजविले असता ते आवाज हळुवारपणे दाबते, असे वादक सांगतात. आमच्या मते यातील बराच वाटा जुन्या कागदाचा, हलक्या वेटोळ्याचा आणि कमी ताकदीच्या घडणीचा आहे. तथापि जातीचा काहीच परिणाम नाही असेही म्हणता येत नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेची जेबीएल कंपनी फेराइटकडे वळली, तेव्हा वेटोळ्याच्या प्रवाहामुळे मधल्या ध्रुवातील क्षेत्र हेलकावे खाते व ध्वनीत विकृती वाढते, असे तिला आढळले. तिने ध्रुवाची घडण बदलून ती आटोक्यात आणली. उपाय चुंबकात नव्हता, लोखंडाच्या आकारात होता.

फेराइट आले ते मुख्यतः पैशासाठी. इंग्लिश गिटार-स्पीकर 1965 च्या सुमारासच तिकडे वळले होते. 1978 च्या मे महिन्यात झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, शाबा प्रांतात बंडखोर शिरले. कोबाल्टच्या मोठ्या खाणी तेथेच. भाव कित्येक पटींनी चढले आणि ॲल्निकोचा स्पीकर ही चैन झाली. दुर्मिळतेने किंमत चढली. गुणाशी तिचा संबंध थोडाच.

विकत घेताना मात्र ॲल्निकोचा हळवेपणा विसरू नये. त्याचे चुंबक लोखंडी चौकटीतून बाहेर काढले, की काही क्षणांतच जोराचा बराच भाग निघून जातो. परत बसविले तरी तो आपोआप येत नाही. हौशी दुरुस्तीवाल्याने साफसफाईसाठी उघडलेला स्पीकर म्हणूनच बाहेरून धडधाकट आणि आतून रिकामा असू शकतो. दुरुस्ती शक्य आहे. सगळे जोडल्यावर मोठ्या यंत्रात धरून पुन्हा चुंबकत्व द्यावे लागते. फेराइटला हा धोका नाही, पण तो काचेसारखा ठिसूळ. स्पीकर आपटला तर चक्र तडकते किंवा सरकते, फट वाकडी होते आणि वेटोळे घासू लागते. शंकू अंगठ्यांनी चहूबाजूंनी सारखा, हलक्या हाताने दाबून पाहावा. खरखर ऐकू आली तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. खरखर नसेल, तर दुसरा एखादा निर्दोष स्पीकर त्याच पेटीत, त्याच ॲम्प्लिफायरवर, तितक्याच अंतरावरून ऐकावा, आणि खालचा स्वर आधी ऐकावा. मागच्या झाकणाचा रंग सर्वांत शेवटी पाहावा.