गर्द डोंगरांतील खडीवाटा – लेखांक तिसरा : रूळ गेले, चढ राहिला

मागील लेखांकात आपण जर्मनीतील वनखात्याच्या खडीच्या रस्त्यांचा विचार केला. ते रस्ते लाकूड वाहण्यासाठी झाले आणि आजही त्याच कामी येतात; सायकलस्वार तेथे पाहुणा. या आठवड्यात ज्या वाटेकडे वळावयाचे आहे तिची जातकुळी निराळी आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात, पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्गपासून मेरीलँडमधील कंबरलंडपर्यंत, ॲलेघेनी पर्वताच्या बुटक्या परंतु निबिड अरण्याने आच्छादलेल्या रांगा ओलांडीत जाणारी ‘ग्रेट ॲलेघेनी पॅसेज’ ही 150 मैलांची, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरांची वाट मोटारींना मज्जाव असलेली आणि बहुतांशी चुनखडीच्या बारीक चुरीने मढविलेली आहे. तिच्यावरून जाणाऱ्या पुष्कळांची अशी समजूत होते की, ही सारी निसर्गाची देणगी. वस्तुतः ती एका बंद पडलेल्या धंद्याची मिळकत होय. आणि असल्या मिळकती जनतेच्या हाती राहाव्यात म्हणून तिकडच्या कायद्याला एक मोठी चतुर तजवीज करावी लागली आहे.

प्रथम चढाविषयी. डोंगर म्हटला की सायकलवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण सडक बांधणारा मनुष्य बैलांच्या किंवा मोटारीच्या बळावर भिस्त ठेवून खुशाल तीव्र चढ घेतो; परंतु पोलादी रुळांवर पोलादी चाकांची पकड मुळातच अल्प असल्याने आगगाडीच्या इंजिनियराला ती चैन परवडत नाही, आणि म्हणून तो जेथे डोंगर आडवा येईल तेथे बोगदा खणतो, जेथे दरी येईल तेथे पूल टाकतो, आणि चढ असा बेताने वाटून देतो की मालाने लादलेली गाडी कोठेही अडून बसू नये. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने 1910 ते 1912 या अवधीत कंबरलंडहून कॉनेल्सव्हिलपर्यंत जो मार्ग बांधला तो या हिशेबी वृत्तीचा उत्कृष्ट नमुना आहे. कंबरलंडपासून 24 मैलांत वाट 2,392 फूट उंचीच्या जलविभाजक माथ्यावर पोहोचते (एका अंगाचे पाणी अटलांटिक महासागरास मिळते, दुसऱ्या अंगाचे मेक्सिकोच्या आखातास), आणि या सबंध चढणीत अत्यंत कठीण चढ शंभरास पावणेदोन, म्हणजे 57 फुटांस एक फूट एवढाच. आपल्या बोरघाटात 1863 साली गाडी चढली ती 37 फुटांस एक फूट अशा चढाने, हे ध्यानी घेतले म्हणजे ॲलेघेनीचा हा घाट किती सौम्य ते कळेल. पलीकडच्या, पश्चिमेच्या उतारावर तर चढ शंभरास एकाच्याही खालीच राहतो. तेथे सायकल चढावर आहे हे डोळ्यांना समजत नाही. नदीचे पाणी उलट दिशेने वाहताना पाहून ते अनुमानाने जाणावे लागते.

असा उत्तम मार्ग टाकून का दिला, हा प्रश्न साहजिक आहे. बाल्टिमोर अँड ओहायो या जुन्या कंपनीचा मार्ग त्याच खोऱ्यांतून पूर्वीच गेलेला होता. 1973 साली दोन्ही कंपन्या एकाच कारभाराखाली आल्या, आणि एकाच दरीत दोन दोन लोहमार्ग पोसणे परवडेना म्हणून 1975 साली धाकटा बंद करण्यात आला. थोरला अद्याप चालू आहे. माइर्सडेल गावानजीक कॅसलमन नदीवर 1,908 फूट लांबीचा सॉल्सबरी पूल आहे. त्याच्या मध्यावर उभे राहिले असता, खाली नदी, तिच्या काठची हमरस्त्याची रहदारी आणि प्रतिस्पर्धी कंपनीचे जिवंत रूळ एकाच नजरेत येतात. त्या रुळांवरून मैलभर लांबीची मालगाडी कण्हत जात असते, आणि वरच्या, तिच्यासारखीच गाडी पेलण्यासाठी उभारलेल्या पुलावरून दोन शेरांची शिदोरी बांधलेली एखादी सायकल जाते. इतक्या हलक्या ओझ्यासाठी एवढे पोलाद खर्ची पडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता कायद्याकडे वळू. या लेखांकाचा खरा विषय तोच. 1916 च्या सुमारास अमेरिकेतील लोहमार्गांची लांबी अडीच लक्ष मैलांच्या वर होती. पुढे मोटारीने आणि मालमोटारीने धंदा पळविल्यावर कंपन्या शाखामार्ग बंद करू लागल्या, आणि 1980 च्या कायद्याने तर ती परवानगी मिळणे अधिकच सुलभ झाले. अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी कंपनीपाशी जमिनीची मालकी नव्हतीच. मूळ दस्तऐवजाने तिला गाड्या चालविण्यापुरता वहिवाटीचा हक्क मिळालेला होता. मार्ग सोडून दिला की वहिवाट संपुष्टात येई आणि शंभर फुटांची ती पट्टी दोन्ही अंगांच्या खातेदारांकडे परत जाई. मग कोणी कुंपण घाली, कोणी भराव खणून माती नेई, कोणी ऐन मधोमध गोठा उभारी. शेकडो कबजेदारांच्या हाती गेलेली अशी अखंड पट्टी पुन्हा जुळविणे कोणत्याही सरकारला दुरापास्तच.

म्हणून 1983 साली काँग्रेसने पायवाटांविषयीच्या राष्ट्रीय कायद्यात दुरुस्ती करून ठरविले की, एखाद्या सार्वजनिक संस्थेने कर, देखभाल आणि अपघातांची जोखीम पत्करून ती पट्टी वाटेसाठी मागितली आणि कंपनीने ती देऊ केली, तर तो मार्ग सोडून दिला असे मानावयाचे नाही. भावी काळात आगगाडीची पुन्हा गरज लागेल या हेतूने तो राखून ठेवला आहे असे मानावयाचे. पादचारी आणि सायकलस्वार तेथे जातात ते कायद्याच्या दृष्टीने तूर्तातूर्त! रूळ उखडले, स्थानके पडली, तरी कागदोपत्री आगगाडी हयात आहे. या कल्पितास खातेदारांनी आव्हान दिले नसते तरच नवल. व्हर्माँट राज्यातील एका दांपत्याचा कज्जा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा 1990 साली न्यायालयाने कायदा घटनासंमत ठरविला, पण त्याचबरोबर ज्याची जमीन अडकून पडते त्याला सरकारकडे मोबदल्याची मागणी करता येईल असेही सांगितले. 2014 साली वायोमिंगमधील जंगलप्रदेशातील एका मालकाच्या दाव्यात, 1875 च्या जुन्या कायद्याने दिलेली वहिवाट मार्ग सोडताच लयास जाते, असा निकाल खातेदाराच्या बाजूने लागला. वाटांच्या पुरस्कर्त्यांना तो कटू वाटला. माझे मत विचाराल तर ज्याच्या आज्याने आगगाडीसाठी म्हणून जमीन दिली, त्याच्या नातवाला तिच्यावरून सायकली फुकट जाऊ देण्याची सक्ती करावयाची आणि वर त्याला कवडीही द्यावयाची नाही, हा न्याय नव्हे. मोबदला द्यावा आणि वाट राखावी, यात सरकारचे फारसे काही जात नाही.

ॲलेघेनीची सर्वच वाट या कायद्याने आली असे मात्र नाही. ओहायोपाइलकडील भाग त्याच्याही आधी निसर्गसंरक्षणाचे कार्य करणाऱ्या एका संस्थेने रेल्वेकडून सरळ खरेदी करून राज्याच्या हवाली केला होता. तेथील पहिला तुकडा 1986 साली खुला झाला, आणि पिट्सबर्गला जोडणारा अखेरचा दुवा 2013 साली जुळला. पैसा, परवानग्या आणि मने वळविणे यांत सत्तावीस वर्षे गेली.

ओहायोपाइल हे या वाटेवरील सर्वांत रमणीय स्थळ. योकागेनी नदी तेथे मोठे वळण घेते, वाट तिला दोन पुलांनी छेदून जाते, आणि गावालगतच धबधबा आहे. जलमार्गाचा शोध घेत 1754 साली आलेला तरुण जॉर्ज वॉशिंग्टन येथूनच परत फिरला. पण सौंदर्यवर्णनात मी अधिक रमत नाही, कारण नदीच्या खालच्या अंगास जी कोळशाची भूमी लागते ती अधिक बोलकी आहे. कॉनेल्सव्हिलचा कोक पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्यांना पुरविला जाई. काठाकाठाने खाणमजुरांची गावे बसली होती. त्यांपैकी व्हॅन मीटर येथील डार खाणीत 19 डिसेंबर 1907 रोजी स्फोट होऊन 239 माणसे आणि मुले दगावली. त्या दिवशी संत निकोलसचा सण पाळणारे पुष्कळ मजूर कामावर न जाता प्रार्थनेस गेले होते, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला. आज तेथे वाटेच्या कडेला एक स्मृतिफलक आहे. आसपास कोठे कोठे जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या लोहयुक्त पाण्याने दगडांवर नारिंगी पुटे चढलेली दिसतात. सभोवारचे ओक, मेपल आणि हेमलॉकही पुराणवृक्ष नव्हेत. डोंगर उघडे पडल्यानंतर, बहुतेक गेल्या शतकात, पुनरपि वाढलेले हे रान आहे.

खडीविषयी थोडेसे व्यावहारिक. चुनखडीची चुरी ओली करून रोलरने दाबली म्हणजे तिचे बारीक पीठ मोठ्या कणांना धरून ठेवते, आणि खाली रेल्वेची जुनी गिट्टी व बाजूंना चर असल्याने पाणी तुंबत नाही. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर पुरेत. शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर पावसानंतर रुतू लागतात. तेव्हा उडणारा राखी रंगाचा राडा चेनमध्ये शिरून सुकला तर दात खाऊ लागतो, यास्तव मुक्कामाला पोहोचताच, भुकेकडे दुर्लक्ष करूनही, पाण्याने चेन धुऊन तेल द्यावे. मडगार्ड लावण्यास लाजणारे लोक असतात; त्यांच्या पाठीवरील पट्टा त्यांची कहाणी सांगतो.

दिशा कोणती निवडावी याविषयी वाद आहे. कंबरलंडहून निघणाऱ्याला पहिले 24 मैल सतत चढावयाचे आणि मग 126 मैल उतरावयाचे. पिट्सबर्गहून निघणाऱ्याचा चढ लांबलचक पण अदृश्य, आणि अखेरचा उतार खुशीचा. मी दुसऱ्या पक्षाचा. माथा ओलांडताच 3,294 फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा लागतो. हिवाळ्यात झिरपणारे पाणी गोठून अस्तराची हानी होऊ नये म्हणून त्याचे दरवाजे साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बंद असतात, तेव्हा त्या महिन्यांत सबंध वाटेचा बेत आखू नये. बोगद्यापुढे थोड्याच अंतरावर मॅसन आणि डिक्सन या मोजणीदारांनी 1763 ते 1767 या काळात आखलेली सरहद्द वाटेला आडवी जाते. एके काळी हिच्या उत्तरेस मनुष्य मुक्त आणि दक्षिणेस विक्रीचा माल ठरे. तिच्या पलीकडे फ्रॉस्टबर्गपासून कंबरलंडपर्यंत मात्र शेजारी रूळ अजून शाबूत असून त्यांवरून प्रवाशांच्या हौसेची गाडी धावते. कंबरलंडच्या स्थानकाशी खडी संपते आणि जुन्या कालव्याच्या काठची मातीची वाट सुरू होते. वॉशिंग्टनपर्यंतच्या त्या साडेचौऱ्याऐंशी अधिक शंभर मैलांचा, आणि तिच्यावर मोटाररस्ता होऊ नये म्हणून 1954 साली ती पायी चालून गेलेल्या न्यायमूर्ती डग्लस यांचा वृत्तांत पुढील लेखांकी.