आधी पारखा, मग पैसा घाला
डिजिटल इनोव्हेशन हब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छोट्या कारखानदाराला ‘आता डिजिटल व्हा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सुरुवात कुठून करायची, आपल्या शॉपफ्लोअरवर काय चालेल आणि काय धूळ खात पडेल, हे शेजारी बसून समजावणारं मात्र सहसा कुणी नसतं. युरोपीय संघाने याच कामासाठी ‘युरोपियन डिजिटल इनोव्हेशन हब’ नावाचं प्रादेशिक केंद्रांचं जाळं उभारलं. २०२१ ते २०२७ या काळातल्या ‘डिजिटल युरोप’ कार्यक्रमातून त्याला निधी मिळतो. युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या हबचा साधारण निम्मा खर्च संघ उचलतो, उरलेला सदस्य देश, प्रदेश आणि भागीदार संस्था. लघु-मध्यम उद्योगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक उद्योग २०३० पर्यंत किमान पायाभूत डिजिटल पातळीवर यावेत, हे संघाचं उद्दिष्ट आहे. अशा केंद्रांबद्दल जे समज पसरलेले आहेत, ते एकदा तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : हब म्हणजे स्टार्टअपवाल्यांची जागा.

वस्तुस्थिती : हबचा मुख्य ग्राहक आधीपासून चालू असलेला लघु-मध्यम उद्योग आहे. त्याच्या जोडीला नगरपालिकेसारख्या सार्वजनिक संस्थाही येतात. स्पेनमधल्या बास्क प्रदेशाचं उदाहरण घ्या. एल्गोइबार आणि आसपासची गावं मशीन टूल बनवण्यासाठी ओळखली जातात. तिथलं ‘बास्क डिजिटल इनोव्हेशन हब’ एकाच इमारतीत बसलेलं नाही. प्रदेशातल्या संशोधन केंद्रांकडची आणि विद्यापीठांकडची यंत्रसामग्री त्याने एका जाळ्यात आणली आहे. लवचीक रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटिंग, सायबर सुरक्षा अशा विषयांतली उपकरणं आणि जाणकार माणसं तिथल्या कंपन्यांना त्यामुळे उपलब्ध होतात. एकट्या छोट्या कंपनीला एवढी सामग्री विकत घेणं परवडलं नसतं.

गैरसमज : हबमध्ये गेलं की अनुदान मिळतं.

वस्तुस्थिती : हब कंपनीच्या खात्यात पैसे टाकत नाही, सेवा देतं. या सेवा चार प्रकारच्या आहेत : गुंतवणुकीआधी चाचणी, प्रशिक्षण, भांडवल शोधायला मदत आणि योग्य माणसांशी गाठ घालून देणं. सेवा मोफत किंवा सवलतीत मिळाली, तर त्या सवलतीची किंमत बहुतेकदा सरकारी मदत म्हणून कंपनीच्या नावावर धरली जाते. लहान मदतीच्या नियमानुसार २०२४ पासून एका उद्योगाला एका सदस्य देशात तीन वर्षांत ३ लाख युरोपर्यंतच अशी मदत घेता येते. मशीन आणि सॉफ्टवेअर घेण्याचा खर्च अखेर कंपनीचाच असतो. तो खर्च चुकीच्या ठिकाणी होऊ नये, यासाठी हब आहे.

गैरसमज : डिजिटल व्हायचं म्हणजे जुनी मशीन भंगारात काढायची.

वस्तुस्थिती : जुन्या मशीनपासूनही सुरुवात करता येते. समजा, वर्कशॉपमध्ये वीस वर्षांची लेथ आहे. तिच्या मोटरला जाणाऱ्या एका फेजच्या वायरीभोवती करंट मोजणारा क्लॅम्प बसवला, तर मशीन किती वेळ खरोखर कटिंग करत होती, किती वेळ नुसती फिरत होती आणि किती वेळ बंद होती, याचा चांगला अंदाज येतो. त्यासाठी वायर कापावी लागत नाही. आठवडाभराची नोंद हाती आली की वेळ सेटिंगमध्ये जातोय, इन्सर्ट बदलण्यात जातोय की मटेरियलची वाट बघण्यात, हे शोधता येतं. कधी कधी उत्तर अगदी साधं निघतं : मटेरियलची ट्रॉली शिफ्ट सुरू होण्याआधी मशीनपाशी हवी. मोठं सॉफ्टवेअर घेण्याआधीच हे कळलं, तर वाचलेला पैसा खऱ्या गरजेवर खर्च करता येतो.

गैरसमज : हे आयटीवाल्यांचं काम, कामगारांचा त्यात काय संबंध?

वस्तुस्थिती : हब कंपनीची डिजिटल तयारी सहा अंगांनी मोजतं : धोरण, साधनांची सज्जता, माणसांचा सहभाग, डेटाची हाताळणी, स्वयंचलन व कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पर्यावरण. माणसं त्यात मुद्दाम धरली आहेत. मशीन थांबल्याचं सेन्सरला कळतं, पण ती का थांबली हे ऑपरेटरच सांगू शकतो. ही आपल्यावर पाळत आहे असं त्याला वाटलं, तर तो स्क्रीनवर ‘इतर कारण’ हेच बटण दाबत राहील आणि सगळी आकडेवारी निरुपयोगी होईल. म्हणून ऑपरेटरला पहिल्या दिवसापासून सोबत घेणं आणि नीट शिकवणं हा खर्चाचा नव्हे, यशाचा भाग आहे.

गैरसमज : प्रादेशिक केंद्र म्हणजे तोकडं ज्ञान.

वस्तुस्थिती : जवळ असण्याचा फायदा मोठा आहे. हबची माणसं स्थानिक भाषेत बोलतात, तिथला उद्योग ओळखतात, कारखान्यात येऊन बघू शकतात. एखाद्या विषयातलं कौशल्य त्यांच्याकडे नसेल, तर जाळ्यातल्या दुसऱ्या देशातल्या हबशी ती गाठ घालून देतात.

आपल्याकडेही या वाटेवर काम सुरू आहे. केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमातलं एक केंद्र, ‘सी४आय४ लॅब’, पुण्यात आहे. भोसरी, चाकण किंवा वाळूजमधल्या लघुउद्योजकाने अशा केंद्राची पायरी चढताना ‘आम्हाला डिजिटल करा’ एवढंच म्हणू नये. मागच्या काही महिन्यांचं रिजेक्शन, मशीन बंद राहिल्याचे तास आणि उशिरा गेलेल्या ऑर्डरींची यादी सोबत न्यावी आणि एकच नेमका प्रश्न समोर ठेवावा. तो प्रश्न एका मशीनवर, एका लाइनवर सुटतो का ते तपासावं. सुटला तर पुढचा खर्च करायचा. नाही सुटला, तर तो खर्च टळला हाही फायदाच.