‘टायगरमिल्क’ : एक प्रथमश्रवण

थकव्याच्या विकारानें दोन वर्षें अंथरुणास खिळलेल्या माझ्या नातवानें परवां मला ‘टायगरमिल्क’ हा इंग्रजी गीतसंग्रह ऐकविला. (त्यास आळशी म्हणणारांत मीही होतों.) ग्लासगोच्या ‘बेल अँड सेबॅस्टियन’ मंडळीचा हा पहिला संग्रह १९९६ सालीं स्टो कॉलेजाच्या आश्रयानें निघाला, प्रती एक हजारच. कानांत बोटें घालण्याच्या तयारीनें मी बसलों होतों! निघाला तो हलका, जवळजवळ कुजबुजता स्वर. तानबाजी नाहीं, चाल भूपाळीसारखी सरळ. शब्द निम्मेच कळले.

“गीतें रचणारा स्टुअर्ट मर्डॉक कित्येक वर्षें याच व्याधीनें घरीं पडून होता, आजोबा,” नातू मागाहून म्हणाला.

मला उत्तर सुचेना. तबकडी पुन्हां पहिल्यापासून लाव, एवढेंच म्हणालों.