लेक परमुलखात शिकवायला निघाली तर



पऱ्हाटीची पहिली वेचणी चालू होती. खामगावजवळच्या खेड्यातले एक ओळखीचे शेतकरी माझ्याकडे आले. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. मला वाटले, बोंडअळीचे विचारायला आले असतील. त्यांनी खिशातून एक छापील कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, पोरगी म्हणते, मी कंबोडियाले जातो. तिथल्या अनाथ लेकरायले तीन आठवडे इंग्रजी अन् चित्रं शिकवतो. हे लोक दीड लाख मांगतात. तूर इकून देऊ काय?"

मुलगी बी. ए. झालेली, हाताची चित्रकला सुरेख. तिची इच्छा वाईट म्हणता येईल का? मुळीच नाही. पण तूर विकण्याआधी चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत. आज असे कागद खेड्यापाड्यांत पोचू लागले आहेत, म्हणून त्या तुम्हा सर्वांनाही सांगतो.

आधी माझीच एक चूक सांगतो. नोकरीत नवा होतो. बी.एस्सी. ॲग्री.ची ऐट होती. एका गावी सभेत मी युरियाची मात्रा हेक्टरी सांगितली आणि निघून आलो. आपला शेतकरी हिशेब करतो एकरात. एका भल्या माणसाने हेक्टरचा युरिया एकरात टाकला, म्हणजे जवळजवळ अडीच पट. पऱ्हाटी माणसाएवढी वाढली, हिरवीगार दिसली, पण तिच्यावर मावा-तुडतुड्यांनी ठाण मांडले आणि बोंडे मोजकीच लागली. माझे ज्ञान खोटे नव्हते. मी ज्यांना शिकवत होतो, त्यांची भाषा तेवढी मी शिकलो नव्हतो. नुकसान मात्र त्यांचे झाले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या हैदराबादला एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला आल्या. पुढे मराठी शिकल्या आणि सातारा जिल्ह्यातल्या फलटणला येऊन राहिल्या. तिथल्या लोकांची बोली कशी बदलते, घरोघरचे मराठी कसे वेगळे, यावरच त्यांनी पीएच.डी. केली. शाळेच्या पुस्तकातली भाषा आणि गरिबाच्या घरातली भाषा यांत किती अंतर आहे, हे त्यांनी कानांनी टिपले. दलित वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी वर्ग चालवले. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले. मुले त्यांना मावशी म्हणू लागली.

ज्यांचे नाव शाळेला दिले, त्या कमलाताई निंबकरही जन्माने अमेरिकन होत्या. लग्न करून इकडे आल्या आणि १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे, म्हणजे अपंगांना हातांना काम देऊन उभे करण्याच्या विद्येचे, शिक्षण सुरू केले. त्यांचे चिरंजीव बॉन निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. बिनकाट्याची 'नारी-६' करडई तिथलीच. म्हणजे हे घराणे आपल्या शेतापर्यंतही पोचले आहे.

या दोघी परमुलखातून आल्या, पण तीन आठवड्यांसाठी नाही. आधी शिकल्या, मग शिकवू लागल्या, आणि राहिल्या. म्हणून त्यांचे काम रुजले.

आता कंबोडियाकडे वळू. कंबोडिया, नेपाळ अशा देशांतल्या काही अनाथालयांविषयी एक वाईट गोष्ट उघड झाली आहे. तिथली पुष्कळ मुले अनाथ नसतात. त्यांचे आईबाप, निदान दोघांपैकी एक, जिवंत असतो. परदेशी पाहुणे पैसे देतात, म्हणून शिक्षणाची लालूच दाखवून गरिबांची मुले गोळा केली जातात. दर महिन्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. त्या लेकराच्या जिवाचे काय होत असेल? आपल्याच मुलाचे असे झाले तर?

म्हणून अशा कागदावर सही करण्यापूर्वी हे विचारा:

१) पैसे कशाचे? त्यातले मुलांच्या शाळेला किती आणि मधल्या माणसाला किती? लेखी हिशेब मागा. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० साली स्थापन झाली. ती उमेदवाराकडून पैसे घेत नाही, उलट तिकडे काम करणाऱ्याला राहण्या-जेवणाचा भत्ता देते.

२) व्हिसा कोणता? पर्यटकाच्या व्हिसावर अनेक देशांत बिनपगारी कामही चालत नाही. त्या देशाच्या वकिलातीला विचारा, एजंटाला नव्हे.

३) शिकवणाऱ्याची चौकशी होते का? आपल्या पासपोर्ट कार्यालयातून पोलीस दाखला मिळतो. जी संस्था तो मागतच नाही, ती कोणालाही मुलांजवळ बसू देते असे समजा.

४) तिथे कायमचे शिक्षक आहेत का, आणि आपण निघून आल्यावर पुढे कोण शिकवणार?

हे प्रश्न मुलीने त्या लोकांना विचारले. उत्तर पहिल्याचेही धड आले नाही. तूर घरातच राहिली. पोरगी दोन दिवस जेवली नाही, हेही खरे.

मी तिला एक गोष्ट सुचवली. सातपुड्याकडच्या जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिलाला लोक राहतात. मेळघाटातूनही कोरकू कुटुंबे हंगामाला आपल्याकडे मजुरीला उतरतात. त्यांच्या लेकरांची भाषा आपल्याला कळते का? मग आपल्यासाठी तो परमुलूखच की!

ती आता संध्याकाळी धुऱ्यावरच्या पालांशी जाते. मुलाला आपला बैल, आपली आई काढायला लावते. चित्राखाली त्याच्या बोलीतला शब्द लिहिते, मग मराठी, मग इंग्रजी. शब्द आधी तो तिला शिकवतो. परवा म्हणाली, "साहेब, माझे उच्चार ऐकून ती हसतात." मी म्हणालो, "हसू दे. हसणारे पोर घाबरत नाही."

परदेशाची हौस तिने सोडलेली नाही आणि सोडूही नये. भत्ता देणाऱ्या योजनेसाठी ती तयारी करते आहे. जाईल तेव्हा वर्षभरासाठी जाईल आणि तिथली भाषा शिकण्याच्या बेताने जाईल.

बंधूंनो, जमीन पाहिल्याशिवाय आपण पेरत नाही. लेकराच्या मनाची जमीन तर त्याहून नाजूक. ती पाहायला वेळ देणारा माणूस खामगावात शिकवो की कंबोडियात, त्याचे पीक येईल.