त्रास नसतो, तेव्हाच तपासायचं

“मला कुठे काय होतंय?” शहाडच्या जुन्या चाळीत विचारा की स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत, पिशवीच्या तोंडाच्या म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की हे उत्तर ठरलेलं. पण काही होत नसतं तेव्हाचीच ही तपासणी आहे. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर पेशी बिघडत कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढ्या काळात सहसा दुखत नाही, खुपत नाही. संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, घाण वासाचं पाणी जाणं ही लक्षणं बहुधा उशिरा येतात. ती असतील तर शिबिराची वाट बघू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

“हा रोग वाईट चालीच्या बायकांना होतो” हा समज सगळ्यांत घातक, कारण त्यापायी बायका तोंडच उघडत नाहीत. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे खरं. पण संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधीतरी गाठतो आणि दहातल्या नऊ वेळा दोनेक वर्षांत आपोआप जातो. एकाच जोडीदाराबरोबर संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. तेव्हा तो हातात धरून घरात भांडण्यात अर्थ नाही.

“सोनोग्राफी नॉर्मल आहे ना!” सोनोग्राफीत गाठी दिसतात, मुखावरच्या पेशींतले सुरुवातीचे बदल दिसत नाहीत. त्यासाठी पॅप स्मिअर, एचपीव्ही चाचणी किंवा ‘व्हीआयए’ लागते. व्हीआयएत मुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. एवढ्याशा गोष्टीने काय होणार, असं वाटेल. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

त्याच सुमारास बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. तिथे एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरातले डॉक्टर आज या दोन अभ्यासांचे दाखले देतात. आपल्याकडे मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तिशी-चाळिशीतल्या शंभरातल्या दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, असंही नाही. पुढे दुर्बिणीतून बघतात, गरज पडली तर तुकडा तपासतात. कॅन्सरपूर्व बदल असेल तर तेवढाच भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा कापून काढता येतो. गर्भाशय सहसा जागेवर राहतं. म्हणून “पांढरं जातंय, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल” असं कुणी म्हणालं तर आधी तपासणीचा रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरींना कॅन्सरचीच भीती घातली होती.

कधी करायची? सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. पॅप साधारण तीन वर्षांनी, एचपीव्ही चाचणी पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असलेल्यांनी पंचविशीपासून आणि जास्त वेळा. पाळी गेल्यावर सुटका नाही. उलट तेव्हा तपासायचा भाग आत सरकतो, म्हणून व्हीआयएऐवजी दुसरी चाचणी लागते. मुलीला लस दिली, पुण्याच्या सिरमची ‘सर्व्हाव्हॅक’ असो की दुसरी, तरी मोठेपणी तपासणी हवीच. लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

शहाडहून कल्याण एकच स्टेशन. तिथल्या पालिकेच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या सेंट्रल हॉस्पिटलमध्ये आधी चौकशी करा: कोणती चाचणी होते, कोणत्या दिवशी, रिपोर्ट कधी मिळतो आणि काही निघालं तर पुढचे उपचार कुठे. पाळीचे दिवस टाळून जा.